आमच्या मटणवाल्या मामांचं दुकान

सोलापुरात गेली चौदा वर्षं मी एकाच दुकानातून मटण आणतेय. मामांकडे फ्रीजर नाही. आसपासच्या खेड्यांतून ते स्वतः पारखून उस्मानाबादी बोकड आणतात; काळेभोर, लोंबत्या कानांचे, रानात चरलेले. रविवारी दोन-तीनच कापतात. अकरानंतर गेलात तर रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

टांगलेल्या धडाची शेपूट ते तशीच ठेवतात, बोकड की मेंढा हे गिऱ्हाइकानं स्वतः बघावं म्हणून. मला याचं फार मोल वाटतं. पूर्वी एका दुसऱ्या दुकानातून बोकड म्हणून म्हातारी मेंढी आणली होती; आठ शिट्ट्या झाल्या तरी चिवटच.

मामा आधी विचारतात, "ताई, रस्सा की सुकं?" रश्श्याला सीना, नळी, गर्दन, सुक्याला मांडी, बारीक तुकडे. आईसाठी पाया मागितला तर भाजून, खरवडून देतात. किलोमागे वीस-तीस रुपये जास्त पडतात, ते मी आनंदानं देते. फक्त उन्हाळ्यात माश्या होतात, काचेचं कपाट करायलाच हवं. मी दोनदा सांगितलंय.

कलेजी हवी असेल तर शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा.