एलिझाबेथ फार्म, पॅरामॅटा: दोरी न लावलेलं १७९३चं घर

सिडनीच्या पश्चिम भागातल्या मराठी माणसाची हॅरिस पार्कला फेरी होतेच, विग्रम स्ट्रीटवर जेवायला नाहीतर किराणा घ्यायला. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, रोझहिलच्या अ‍ॅलिस स्ट्रीटवर एलिझाबेथ फार्म आहे. ऑस्ट्रेलियात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या युरोपीय घराचे भाग याच वास्तूत आहेत. १९८४पासून ते संग्रहालय म्हणून खुलं आहे आणि न्यू साउथ वेल्स सरकारची वारसा संस्था ते चालवते.

आत शिरताच जाणवतं ते हे, की कुठेही दोरी नाही, काच नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. खुर्चीत बसा, खण उघडा, पुस्तक चाळा. सामान बहुतेक सगळं, हे घर बांधणाऱ्या मॅकार्थर कुटुंबाच्या वस्तूंवरून केलेल्या प्रतिकृतींचं आहे, म्हणून ही मोकळीक देता येते. आमच्या मते हा निर्णय अगदी योग्य आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी तर सिडनीत याहून चांगलं जुनं घर नाही. मात्र त्याची एक किंमत आहे. टेबल-खुर्च्यांवर नजर खिळते आणि खरी जुनी वस्तू, म्हणजे घर स्वतः, बघायचं राहून जातं. इथे फर्निचर नवं आहे, भिंती जुन्या आहेत. बघायचं ते या हिशेबाने.

फेब्रुवारी १७९३मध्ये हंगामी गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोस याने लेफ्टनंट जॉन मॅकार्थरला इथे १०० एकर जमीन दिली. ती डारुग या मूळनिवासी लोकांपैकी बरामटगल कुळाची होती, आणि ती देताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्याच वर्षीच्या पत्रात मॅकार्थरने घराची मापं लिहून ठेवली आहेत: दर्शनी लांबी ६८ फूट, रुंदी १८ फूट, माडी नाही, तळमजल्यावर चार खोल्या, एक मोठा हॉल, तळघर, आणि लगत स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या. ही दोन मापं लक्षात ठेवून घरात शिरा. १८ फूट रुंदी म्हणजे एका खोलीच्या जाडीचं घर. समोरच्या खोल्यांची रांग पावलांनी मोजली की १७९३चा गाभा कुठे संपतो याचा अंदाज येतो. भोवतालचा विस्तार आणि सजावटीचं सुतारकाम पुढच्या काळातलं आहे, विशेषतः १८२०च्या दशकातलं. ते नूतनीकरण चालू असतानाच मॅकार्थरचं मन ढासळत गेलं. १८३२मध्ये त्याला वेडा ठरवण्यात आलं आणि १८३४मध्ये तो वारला.

सांधे दिसावेत म्हणून खिशात छोटी विजेरी ठेवा. उजेड भिंतीवर समोरून न टाकता भिंतीला समांतर, कडेने टाका. गिलाव्यातला फुगवटा, बुजवलेल्या दाराची कड, दोन काळच्या कामांमधली रेघ अशी उठून दिसते. फक्त नखाने खरवडायचं नाही. कुठे खिळ्याचं डोकं दिसलं तर तेही नीट पाहा. हाताने ठोकलेला लोहारी खिळा चौकोनी असतो आणि चारही बाजूंनी टोकाकडे निमुळता होतो. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा, म्हणजे तिथे दुरुस्ती झाली आहे.

ओसरी आपल्या लोकांना लगेच ओळखीची वाटेल. लाकडी खांब, दगडी फरशी, खाली उतरत आलेलं छप्पर. ती सावलीसाठी तर आहेच, पण भिंत वाचवणं हेही तिचं काम आहे. सुरुवातीच्या सिडनीत चुनखडी हाताशी नव्हती. चुना करायचा तो शिंपल्या भाजून, आणि त्यासाठी मूळनिवासींनी शतकानुशतकं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग उपसले गेले. एका वसाहतीची घरं दुसऱ्यांच्या पुरातत्त्वातून उभी राहिली, हे वसाहतकालीन भिंतीकडे बघताना विसरता कामा नये. चुना असा दुर्मिळ, म्हणून दरजांत, म्हणजे विटांमधल्या फटींत, बहुधा चिखलमाती भरत आणि चुना वरच्या गिलाव्यापुरता वापरत. अशा भिंतीवर पावसाचा मारा झाला की दरज धुपते. वरून सिमेंटचा गिलावा केला तर आणखी वाईट, कारण ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागाशी गोळा होतात, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. कोकणात जुन्या घराला सिमेंट थापणाऱ्यांनी हे इथे येऊन समजून घ्यावं.

जॉनची बायको एलिझाबेथ मॅकार्थर हिच्याकडे मात्र वेळ काढून लक्ष द्या. नवरा १८०१ ते १८०५ आणि पुन्हा १८०९ ते १८१७ इंग्लंडमध्ये अडकला होता. दुसऱ्या खेपेला कारण होतं १८०८चं बंड, ज्यात त्याचा हात होता आणि गव्हर्नर ब्लायला पदावरून हटवलं गेलं. त्या सगळ्या वर्षांत शेत, कैदी मजूर आणि मेंढ्या हिनेच सांभाळल्या. मेरिनो या तलम लोकरीच्या मेंढ्यांचं श्रेय जॉनला मिळालं, पण कळप वाढला तो हिच्या हाताखाली. मेरिनो १७९७मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून आल्या. त्याआधीच्या मेंढ्या कोलकात्याहून आणलेल्या बंगाली जातीच्या होत्या, आणि आयरिश मेंढ्यांशी त्यांचा संकर केला गेला होता.

घर टिकलं ते स्वान कुटुंबामुळे. १९०४मध्ये त्यांनी घेतलं तेव्हा किंमत जमिनीला होती, घर पडायला आलेलं होतं. त्यांनी ते पाडलं नाही, १९६८पर्यंत तिथेच राहिले. या साठ-पासष्ट वर्षांबद्दल घरात आणखी ठळकपणे सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

बागेतलं जुनं ऑलिव्हचं झाड चुकवू नका. १८०५मध्ये मॅकार्थरने आणलेल्या रोपांपैकी ते एक मानलं जातं.

दीड तास हाताशी ठेवा. घर आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळावर वार आणि वेळ बघून घ्या. घराला माडी नसल्याने ज्येष्ठांना जिने चढावे लागत नाहीत, पण फरशी उंचसखल आहे आणि उंबरे आहेत, सपाट तळाची चप्पल बरी. वेळ उरला तर जवळच हॅम्बल्डन कॉटेज आहे. मॅकार्थरांच्या मुलींना शिकवणाऱ्या पेनेलोपी ल्यूकस यांच्यासाठी ते १८२४मध्ये बांधलं गेलं. एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेजही चालत जाण्याइतकंच दूर आहे, पण तिन्ही ठिकाणांची व्यवस्था वेगवेगळ्या संस्थांकडे आहे, त्यामुळे तिन्ही एकाच दिवशी उघडी मिळतील असं गृहीत धरू नका.