मल्टर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि त्यावरच्या एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कवर फाइल अपलोड घ्यायचं असेल तर मी आजही मल्टर ही लायब्ररीच घेईन. फक्त त्याच्या डिफॉल्ट सेटिंगवर एक दिवसही विसंबणार नाही. आमच्या कर्जअर्जाच्या पोर्टलवर अर्जदार मोबाइलवरून सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान अपलोड करतात. एक्सप्रेसचे स्वतःचे पार्सर (आलेला डेटा वाचणारे भाग) मल्टिपार्ट फॉर्मला, म्हणजे फाइली आणि मजकूर एकत्र पाठवणाऱ्या फॉर्मला, हातच लावत नाहीत, म्हणून मल्टर लागतं. त्याच्या पोटात बसबॉय नावाची लायब्ररी आहे, खरं वाचन ती करते.

मराठी लोकांसाठी अ‍ॅप करणाऱ्याने आधी फाइलचं नाव तपासावं. बसबॉयची १.० पासूनची आवृत्ती फाइलचं नाव लॅटिन-१ (एका बाइटला एक अक्षर मानणारी जुनी अक्षरपद्धत) समजून वाचते, ब्राउझर मात्र ते यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत पाठवतो. ‘सातबारा’ या नावात ७ चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून डेटाबेसमध्ये २१ अगम्य अक्षरांची माळ जाऊन बसते. इंग्रजी नावांवर टेस्टिंग केलं तर हे कधीच दिसत नाही. उपाय एका ओळीचा आहे: आलेली स्ट्रिंग लॅटिन-१ म्हणून बफरमध्ये (कच्च्या बाइटच्या साठ्यात) घ्यायची आणि तोच बफर यूटीएफ-८ म्हणून वाचायचा. नाव लगेच सरळ होतं. तरीही डिस्कवर फाइल त्या नावाने ठेवू नये. तिथे यूयूआयडी (आपोआप तयार होणारा, एकमेव असा ओळखक्रमांक) द्यावा आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये, फक्त दाखवण्यापुरतं ठेवावं.

दुसरं म्हणजे मर्यादा. फाइलच्या आकाराची डिफॉल्ट मर्यादा चक्क अनंत आहे! त्यात मेमरी स्टोरेज निवडलं तर अख्खी फाइल रॅममध्ये येते: ५० जणांनी एकाच वेळी १० एमबीची फाइल पाठवली की ५०० एमबी गेले. आम्ही डिस्क स्टोरेज ठेवलं, आकार आणि फाइलींची संख्या दोन्ही बांधून टाकली. पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन अ‍ॅपकडे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याची डिफॉल्ट मर्यादा १ एमबीच आहे. मोबाइलचा फोटो सहज त्याच्या वर जातो आणि विनंती मल्टरपर्यंत पोचायच्या आत ४१३, म्हणजे ‘विनंती फार मोठी’ हा एरर, येतो. दोन्हीकडचे आकडे जुळवून ठेवा. आणि फाइल उतरल्यावर आपल्याच कोडने अर्ज नाकारला, तर ती डिस्कवर तशीच पडून राहते. ती काढणं आपलं काम.

फाइलचा प्रकार मल्टर सांगतं खरं, पण ते क्लायंटने जे लिहून पाठवलं तेच असतं. खरा प्रकार कळण्यासाठी फाइलचे सुरुवातीचे बाइट स्वतः तपासावेत.

फ्रंटएंडवाल्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. फॉर्मडेटा (ब्राउझरमध्ये फॉर्म बांधून पाठवण्याचं साधन) पाठवताना कंटेंट-टाइप, म्हणजे डेटाचा प्रकार सांगणारा हेडर, हाताने लावायचा नाही, कारण मग त्यात बाउंड्री, म्हणजे फॉर्मचे भाग वेगळे करणारी खूण, येत नाही आणि सर्व्हरला फॉर्म फोडताच येत नाही. आणि मजकुराची फील्डं फाइलच्या आधी जोडायची. डेटा ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने वाचला जातो. अर्ज क्रमांक फाइलच्या मागून आला, तर फोल्डर ठरवताना तो बॉडीमध्ये (तोवर वाचलेल्या फील्डांमध्ये) नसतो.

आवृत्तीबाबत मात्र मी कुणाचंच ऐकणार नाही: १.x वर असाल तर आजच २.x वर या. मे २०२५ मध्ये आलेल्या २.०.० ने दोन गंभीर सुरक्षा-त्रुटी बुजवल्या. एकीत विनंतीच्या स्ट्रीममध्ये (तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या डेटाच्या प्रवाहात) एरर आली तरी आतली बसबॉयची स्ट्रीम बंद होत नसे आणि मेमरी गळत राही; दुसरीत मुद्दाम बिघडवलेल्या मल्टिपार्ट विनंतीने अख्खी प्रोसेस कोसळवता येई. गावाकडच्या नेटवर्कवर अपलोड अर्ध्यात तुटणं रोजचं आहे, त्यामुळे पहिली त्रुटी आम्हाला फार जवळची वाटली. आमच्या साध्या वापरात अपग्रेडसाठी कोडला हात लावावा लागला नाही.

मोठ्या व्हिडिओंसाठी मी मल्टर घेणार नाही. तुटलेलं अपलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेण्याची सोय त्यात नाही. तिथे टस (तुटलेलं अपलोड पुढे नेणारा) प्रोटोकॉल किंवा थेट अ‍ॅमेझॉनच्या एस-३ साठवणीवर प्रीसाइन्ड यूआरएलने (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणाऱ्या लिंकने) मल्टिपार्ट, म्हणजे तुकड्यांनी, अपलोड बरं.