ग्रंथालयासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे की कोहा बसवावे?

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की महाविद्यालयात ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची चर्चा सुरू होते. सॉफ्टवेअरचे नाव, संगणकीकरण पूर्ण की अंशतः, आवृत्ती कोणती आणि वर्ष कोणते, एवढे चार रकाने भरायचे असतात. प्राचार्यांना ते वेळेत भरलेले हवे असतात, संस्थेला खर्च आटोक्यात हवा असतो आणि ग्रंथपालाला त्या निर्णयासोबत पुढची कित्येक वर्षे काढायची असतात. उदगीर-देगलूरच्या पट्ट्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी आधी एका खासगी कंपनीचे सॉफ्टवेअर वापरले आणि नंतर कोहा या मुक्त, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे अशा, सॉफ्टवेअरवर आलो. आसपासचे सहकारी याविषयी विचारणा करतात, म्हणून हा आढावा. देवघेव, बारकोड, ओपॅक (वाचकांना शोधता येणारी संगणकीय ग्रंथसूची), दंडाची आकारणी या सोयी दोन्हींकडे आहेत आणि माहितीपत्रकात वाचायला मिळतात, त्यामुळे त्यांत मी शिरत नाही. इन्फ्लिबनेटचे सोल आणि एनआयसीचे ई-ग्रंथालय या सरकारी संस्थांच्या सॉफ्टवेअरचा मामला वेगळा असल्याने तेही बाजूला ठेवले आहेत.

कंपनीच्या सॉफ्टवेअरची जमेची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण ती खरोखरच मोठी आहे. कंपनीचा माणूस येतो, दोन तासांत सगळे बसवून देतो, चहा घेता घेता परिचराला बारकोड स्कॅन करायला शिकवतो आणि जाताना आपला मोबाइल क्रमांक लिहून देतो. त्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि ज्या ग्रंथालयात ग्रंथपाल, एक लिपिक आणि एक परिचर एवढाच कर्मचारीवर्ग आहे तिथे या एका सोयीचे मोल कमी लेखू नये. शिवाय पावती मिळते. लेखापरीक्षणाच्या वेळी पावती असलेली वस्तू समजावून सांगावी लागत नाही. उलट कोहाचा प्रस्ताव मी मांडला तेव्हा लेखा विभागाने नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागितली, आणि जी वस्तू कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो तिची तीन कोटेशने आणायची कुठून, हा प्रश्न काही काळ फाइलवर तसाच पडून होता. शेवटी सॉफ्टवेअरऐवजी ते बसवून देण्याच्या आणि प्रशिक्षणाच्या कामाची कोटेशने मागवली, तेव्हा मार्ग निघाला. प्रस्ताव ठेवताना सुरुवातीपासूनच तसा ठेवावा, एवढे सुचवतो.

कोहाकडे येताना मनात धास्ती होती ती लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या मुक्त संगणक-प्रणालीची. विंडोजवर वाढलेल्या कर्मचाऱ्यांना उबंटू या लिनक्सच्या प्रकाराचे नाव ऐकले की आपल्याला हे जमणार नाही असेच वाटते. प्रत्यक्षात लिनक्स लागते ते फक्त सर्व्हरला. देवघेवीच्या टेबलावरचा संगणक विंडोजचाच राहिला तरी चालतो, कारण कोहाचे सगळे काम ब्राउझरमधून होते. सर्व्हर उभा करायला मात्र जाणकार लागतोच. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सवय असलेला माणूस तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही. नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून बोलवावा लागतो, आणि त्याच्या सवडीने तो येतो. ही अडचण मी लपवणार नाही. पण ती मुख्यतः सुरुवातीची आणि आवृत्ती बदलतानाची आहे. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते म्हणून आपणही दर सहा महिन्यांनी बदललीच पाहिजे असे नाही. आम्ही उन्हाळी सुट्टीत तेवढे हे काम काढतो.

माझ्या दृष्टीने पारडे ज्या गोष्टीने फिरले ती या कशातच नव्हती. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना ते ज्या संगणकावर बसवले होते त्या संगणकाच्या यंत्रभागाशी बांधलेला होता. आपल्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब कसा वरखाली होतो हे सांगायला नको. एकदा त्यात मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत होती, सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या, गावातल्या दुरुस्तीवाल्याने नवा बोर्ड बसवून संगणक चालूही करून दिला. सॉफ्टवेअरने मात्र हा संगणक आपल्या ओळखीचा नाही असे ठरवून नवा परवाना क्रमांक मागितला. कंपनीच्या कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर नम्र होते: वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण राहिले आहे, ते झाले की क्रमांक लगेच मिळेल. आमचे नूतनीकरण राहिले होते हे खरे. अनुदानाचा हप्ता उशिरा आला की या इलाख्यातील बहुतेक महाविद्यालयांत ते राहतेच. तोवर प्रवेशाचे दिवस सुरू झाले आणि काउंटरवर पुन्हा हाताची देवघेव नोंदवही उघडली.

एवढ्यावर भागले असते तरी मी कदाचित तिथेच राहिलो असतो. परवाना मिळाल्यावर मी सावधगिरी म्हणून सर्व नोंदी बाहेर काढून ठेवायचे ठरवले. मेनूत एक्सेलमध्ये निर्यात करण्याची सोय होती. फाइल उघडली तर दाखल क्रमांक, किंमत आणि पृष्ठसंख्या व्यवस्थित. शीर्षक आणि लेखक या दोन स्तंभांत मात्र इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि टिंबे यांची सलग रांग. त्या सॉफ्टवेअरने मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या जागतिक प्रमाण संकेतांत, कधी साठवलाच नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला एक फॉन्ट त्यासोबत येत असे, आणि तो फॉन्ट असेपर्यंतच पडद्यावर मराठी दिसे. अशा फॉन्टांची जुळणी ज्याची त्याची वेगळी असते, त्यामुळे इंटरनेटवर मिळणारी परिवर्तके आमच्या फॉन्टला लागू पडेनात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, रफार अक्षराच्या नंतर, काही जोडाक्षरे दोन-दोन तुकड्यांत. एका जाणकार विद्यार्थ्याने बदलांची यादी करून बरेचसे सरळ केले, उरलेले लिपिकाने आणि मी मूळ दाखल नोंदवही समोर ठेवून हाताने दुरुस्त केले. कित्येक वर्षे आम्हीच टंकलेल्या नोंदी आम्हालाच परत मिळवायला हे सायास करावे लागले. दोष त्या एका कंपनीचा आहे असे मी म्हणत नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात मराठीचे पुष्कळसे संगणकीय काम याच रीतीने झाले. पण पुढे जग बदलल्यावर ग्राहकाच्या नोंदी बदलून द्याव्यात, याची निकड कंपनीला वाटली नाही, कारण नोंदी जितक्या अडकलेल्या तितका ग्राहक पक्का.

कोहात नोंद मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण नमुन्यात राहते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्ह्रम यांच्या पुढाकाराने मार्कची घडण झाली, आणि जगभरची ग्रंथालये त्याच घराण्यातील नमुने वापरतात. शीर्षक २४५ या क्षेत्रात, दशांश वर्गांक ०८२ मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये; ही मांडणी कोणा एका विक्रेत्याची नाही. कोहातून काढलेली फाइल दुसऱ्या कुठल्याही प्रामाणिक सॉफ्टवेअरला वाचता येते. नीट बसवलेल्या सर्व्हरवर रोज संपूर्ण माहितीची एक प्रत आपोआप तयार होऊन ठेवली जाते. ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे एवढे काम परिचराकडे दिले आहे. मध्यंतरी आम्ही सर्व्हरचा संगणक बदलला तेव्हा परवान्यासाठी कोणालाही फोन करावा लागला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

आपल्या भागापुरता आणखी एक मुद्दा आहे. निजामाच्या राजवटीचा वारसा म्हणून मराठवाड्यातील जुन्या ग्रंथालयांत उर्दू पुस्तके असतात, काही ठिकाणी फारसीही. आमच्या सीमेवरच्या पट्ट्यात कन्नड आणि तेलुगूचीही भर पडते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट होता, उर्दूचा नव्हता, म्हणून उर्दू पुस्तकांची शीर्षके रोमन अक्षरांत भरली जात आणि शोधताना कोणी एक स्पेलिंग टाकी, कोणी दुसरे. कोहात त्याच तालिकेत उर्दू शीर्षक उर्दू लिपीत जाते. उर्दू विभागाच्या प्राध्यापकांनी पहिल्यांदा ओपॅकवर आपल्या लिपीत शोध घेऊन पुस्तक काढले, तेव्हापासून संस्थेच्या बैठकीत कोहाची बाजू मांडायला मला एक भक्कम साथीदार मिळाला.

कोहात त्रास नाहीत असे मात्र समजू नये. देवनागरीचा शोध नीट चालायला अनुक्रमणीची (शोधासाठी शब्दांची सूची करण्याची) आयसीयू नावाची मांडणी सुरू करावी लागते, आणि बसवणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर मराठी शोध अर्धवटच चालतो. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि समोर शेल्फवर असलेले पुस्तक ओपॅकमध्ये सापडत नाही. आम्ही सर्वांनी एकाच कळफलकावर टंकायचे असा नियम करून हा प्रश्न सोडवला आहे. सुटला म्हणण्यापेक्षा आटोक्यात आला, असे म्हणतो. परदेशी ग्रंथालयांतून तयार नोंदी ओढून घेण्याची सोय इंग्रजी पुस्तकांना उत्तम, मराठी पुस्तकांच्या नोंदी मात्र बहुधा रोमन लिपीत येतात, म्हणजे काम पुन्हा आपलेच.

राहिला विश्वासाचा प्रश्न. संस्थेच्या बैठकीत तो हमखास येतो: फुकट मिळणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणाची? प्रश्न जुना आहे. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून, सॉफ्टवेअर फुकट वाटून घेतले तर चांगले काम करायला कोण पुढे येईल, अशा आशयाची तक्रार केली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणक-प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्या वाटेवर पुढे लिनक्ससारखे पुष्कळ काही उभे राहिले. कोहाचा जन्मही गरजेतून झाला. न्यूझीलंडच्या होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी लिहून घेतली, ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू केली आणि सर्वांना खुली केली. जबाबदारीविषयी म्हणाल तर २०२४ या एकाच वर्षाने दोन्ही बाजूंना धडे दिले. मार्चमध्ये फाइलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले. ते सांभाळण्याचा भार प्रामुख्याने एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. जुलैत क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमाने खोळंबली, आणि त्या ग्राहकांकडे करारही होते, पावत्याही होत्या. फरक माझ्या मते एवढाच, की एक्सझेडचा कोड उघडा असल्यामुळे संशय आलेल्या एका बाहेरच्या अभियंत्याला तो तपासता आला.

मालकी बदलण्याचा धोका मला याहून मोठा वाटतो. एक्स लिब्रिस ही ग्रंथालय सॉफ्टवेअरमधील मोठी कंपनी २०१५ मध्ये प्रोक्वेस्ट या कंपनीने घेतली, २०२० मध्ये प्रोक्वेस्टनेच इनोव्हेटिव्ह इंटरफेसेस ही दुसरी ग्रंथालय सॉफ्टवेअर कंपनी घेतली, आणि २०२१ मध्ये खुद्द प्रोक्वेस्ट क्लॅरिव्हेट या कंपनीकडे गेली. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनाही यात कोणी विचारले नाही, तिथे आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयाची काय कथा. मुक्त सॉफ्टवेअरचीही खरेदी होतेच. माहिती साठवणारे मायएसक्यूएल हे मुक्त सॉफ्टवेअर २००८ मध्ये सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकल या कंपनीकडे गेले. पण तोवर त्याच्या मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोच कोड घेऊन मारियाडीबी सुरू केले होते. आमचा कोहा आज मारियाडीबीवर चालतो, आणि या सगळ्या उलाढालीची झळ काउंटरवर कधी लागली नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांविषयी थोडेसे. शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातील गावच्या वाचनालयात शंभर-दीडशे सभासद असतील आणि वीजही बेभरवशाची असेल, तर या दोहोंपैकी कशाचीही घाई करू नये. नीट ठेवलेली दाखल नोंदवही पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे वाचनालय असेल आणि सर्व्हर सांभाळणारा कोणी हाताशी असेल, तर मी कोहाच सुचवेन. महाविद्यालयात संगणकशास्त्र विभाग असेल तर फारसा विचारही करू नये. तिथल्या एखाद्या उत्साही प्राध्यापकाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये, कारण तासिका तत्त्वावरील माणूस पुढच्या जूनला असेलच असे नाही. पासवर्ड आणि बसवणीची टिपणे ग्रंथालयाच्या कपाटात असावीत.

ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. करारात मात्र दोन कलमे लिहून घ्यावीत: सर्व नोंदी युनिकोडमधील मार्क २१ फाइल म्हणून केव्हाही, विनाशुल्क काढता येतील, आणि देखभाल करार संपला तरी किंवा संगणक बदलला तरी जुन्या नोंदी उघडता येतील. विक्रेते तोंडी होकार सहज देतात. त्याऐवजी दहा पुस्तके समोर ठेवावीत, त्यांत मराठी असावीत, उर्दू असावीत, एखाद्या शीर्षकात ऱ्य असावा. ती त्यांच्यासमोर भरून फाइल काढायला सांगावी आणि ग्रंथालयाच्याच दुसऱ्या संगणकावर, त्यांचा फॉन्ट नसताना, मार्क फाइली उघडणाऱ्या मार्कएडिटसारख्या विनामूल्य साधनात उघडून पाहावी. धनादेश त्यानंतर काढावा.