ओडी कमांड: काही महिन्यांच्या वापरानंतर

सह्याद्रीच्या उंचीच्या फायलींवर काम करताना गेले काही महिने ओडी, म्हणजे फाईलमधले बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड, जवळजवळ रोज वापरतोय. ती १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनची. लिनक्सवर ती आधीपासूनच असते. आता कुठलीही फाईल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडण्याआधी मी ओडीतून बघतोच.

माझ्या फायली एसआरटीएमच्या, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानावरच्या रडारने केलेल्या मोजणीच्या. त्या एचजीटी प्रकारच्या असतात, आणि अशा फाईलला हेडर, म्हणजे सुरुवातीला स्वतःची माहिती देणारा भाग, नसतो. उत्तरेकडून सुरू होणाऱ्या ३६०१ ओळी, ओळीत ३६०१ आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटचा, उंची मीटरमध्ये. फाईल २,५९,३४,४०२ बाइटची भरली नाही, तर पुढे जाऊच नका.

खरी गोम बाइटच्या क्रमात आहे. या फायलींत मोठा बाइट आधी असतो, आपले लॅपटॉप नेमकं उलटं वाचतात. कळसूबाईचे १६४६ मीटर उलटे वाचले की २८,१६६ होतात, ते लगेच खटकतं. पण जिथे मोजमाप नाही तिथे उणे ३२,७६८ हा खुणेचा आकडा असतो, आणि तो उलटा वाचला की दिसतो १२८. कोकणात १२८ मीटर उंचीवर कुणाला शंका येणार? म्हणून ओडीचा 'एंडियन' (बाइटचा क्रम) हा पर्याय 'बिग' (मोठा आधी) ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो २०१४ मध्ये कोअरयुटिल्स या लिनक्सवरच्या मूळ कमांडच्या संचाच्या ८.२३ आवृत्तीबरोबर आला. मॅकच्या ओडीत तो नाही, तिथे आधी डीडी कमांडच्या 'स्वॅब' पर्यायाने बाइट उलटून घ्यावे लागतात.

ओडीच्या 'जे' पर्यायाने हवे तितके बाइट ओलांडायचे, 'एन' ने किती वाचायचे ते सांगायचं. अख्खी फाईल न उघडता हव्या त्या डोंगराचे आकडे क्षणात समोर येतात. शिखराचा आकडा नकाशातल्यापेक्षा थोडा कमी येतो, कारण प्रत्येक आकडा सुमारे ३० मीटरच्या चौकोनाचा असतो.

दोन गोष्टी मात्र जाचतात. बाइट फाईलमध्ये कुठे आहे ते सांगणारे आकडे मुळात अष्टमानात येतात, 'ए' पर्यायाला 'डी' (दशमान) दिल्याशिवाय हिशेब जुळत नाही. आणि सारख्या ओळी गाळून तिथे नुसती फुली (*) येते. मुंबईच्या फाईलमधला अरबी समुद्र, म्हणजे शून्यांच्या ओळी, असाच गडप होतो. आउटपुट पुढे ऑक या मजकूर हाताळणाऱ्या कमांडला द्यायचं असेल तर सगळ्या ओळी दाखवणारा 'व्ही' पर्याय हवाच.

नेटसीडीएफसारख्या, स्वतःची माहिती सोबत ठेवणाऱ्या फायलींसाठी ओडीच्या वाटेला जाऊ नका, तिथे त्यांच्यासाठीचीच एनसीडम्प कमांड वापरा. हेडर नसलेल्या कच्च्या आकड्यांसाठी मात्र मी ओडी सोडणार नाही.