दिव्यांग बस पास, दहा महिन्यांनंतर: पहिली पायरी साडेसोळा इंचांची

मागच्या आठवड्यात बसमधून उतरताना अधू पायाला आधार म्हणून बांधतो त्या कॅलिपरचं गुडघ्याजवळचं कुलूप वाकलं. दुरुस्तीला १,८०० रुपये गेले. पावणेतीन वर्षांच्या पासाचे पैसे एका पायरीने खाल्ले, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

पास कसा निघतो ते बहुतेकांना माहीत आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज, वर्षाला ६६० रुपये, घरापासून १०० किलोमीटरपर्यंत प्रवास. त्यात काही अडचण आली नाही. माझा उजवा पाय पोलिओचा. बेळगावच्या वडगावात टेलरिंगचं दुकान आहे. कापड, अस्तर, बटणं आणायला आठवड्यातून चारदा तरी खडेबाजारात जावं लागतं. आधी साइड व्हीलची स्कूटर होती, तिला महिन्याला दीड हजाराचं पेट्रोल लागायचं. पासाचे महिन्याला ५५ रुपये पडतात. हा हिशेब बघूनच पास काढला.

पैशाचा हिशेब बरोबर आला. पायरीचा नाही.

दुसऱ्याच महिन्यात मी दुकानातली टेप खिशात टाकून गेलो आणि पायरी मोजली. रस्त्यापासून साडेसोळा इंच. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. चढताना धड असलेला पाय आधी वर टाकावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळं अंग कॅलिपरवर आणि कुबडीवर तोललेलं असतं. उतरताना त्याहून वाईट, कारण कॅलिपरचा पाय आधी खाली सोडावा लागतो आणि गुडघा तर कुलूपबंद. सोळा इंचांवरून तो पाय टेकत नाही, आदळतो. लो-फ्लोअर, म्हणजे दारात पायऱ्या नसलेल्या बसची आतली जमीनच रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असते, म्हणजे पावणेसोळा इंच. तिथे जेवढ्यात माणूस आत पोचतो, तेवढ्यात आमची पहिली पायरी येते. वर आणखी दोन पायऱ्या असतातच.

सहा महिन्यांपूर्वी हा अनुभव लिहिला असता तर सरळ सांगितलं असतं, पाय अधू असेल तर पास काढू नका. दोघांना तसं सांगितलंही. ते आता मागे घेतो.

झालं असं. पावसाळ्यात एक दिवस रस्त्याच्या कडेला पाणी होतं म्हणून ड्रायव्हरने बस अगदी फूटपाथला चिकटवून उभी केली. मी फूटपाथवरून पाय टाकला आणि आत आलो. इतकं सोपं कसं गेलं ते कळेना. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मोजलं, फूटपाथ सहा इंचांचा. साडेसोळातून सहा गेले, उरले साडेदहा. बस तीच, पायरी तीच. बस फूटपाथपासून चार फूट लांब थांबली की माणसाला आधी खाली रस्त्यावर उतरावं लागतं आणि मग साडेसोळा इंच चढावं लागतं.

लांब का थांबते? स्टॉपवर रिक्षा आणि दुचाक्या लावलेल्या असतात. मी चार महिने ड्रायव्हरांवर चिडत होतो. चूक त्यांची एकट्याची नव्हती. आता बस येताना दिसली की हात वर करून मोडक्या कानडीत ओरडतो, "अण्णा, फुटपाथ हत्र निल्सरी!" म्हणजे फूटपाथजवळ थांबवा. जागा मोकळी असेल तर दहातले सात-आठ जण जवळ घेतात. एका ड्रायव्हर अण्णांना तर आता सांगावंही लागत नाही. कुबडी बघितली की ते गाडी कडेला घेतात, आणि मी बसून कुबडी नीट ठेवेपर्यंत गिअर टाकत नाहीत. पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी दुकानात येऊन बायकोला हे सांगताना माझा आवाज भरून आला होता.

गर्दीचं म्हणाल तर जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे गाड्या भरून येतात. मला ती योजना हवीच आहे. बायको आता बरोबर येते आणि आमच्या दोघांच्या जाण्यायेण्याला वेगळा पैसा लागत नाही. फक्त दाराच्या दांड्याला धरून कुणी उभं राहू नका. तो दांडा माझा दुसरा पाय आहे.

राखीव सीट बहुतेक वेळा मिळते, कॉलेजच्या पोरी तर न सांगता उठतात. कुबडी अडकवायला मात्र काही नसतं. ती पायाखाली घरंगळते, लोक अडखळतात. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या मोटार वाहन नियमांत दिव्यांगांसाठी राखीव सीट, धरायला दांडे आणि कुबडी-काठी अडकवायची सोय या तिन्ही गोष्टी आहेत. एका चामडी पट्ट्याचं काम आहे हे. मी स्वतः शिवून देईन.

व्हीलचेअरवाल्यांसाठी मात्र हा पास अजून कागदच आहे. फूटपाथला चिकटून थांबलेल्या बसमध्येही तीन पायऱ्या चाकांना चढत नाहीत. त्यांना रॅम्पची लो-फ्लोअर गाडीच लागेल, त्याला दुसरा उपाय नाही.

मी पासाचं नूतनीकरण करणार. अर्जाबरोबर डेपोत एक कागदही देणार आहे, कुठल्या स्टॉपवर फूटपाथ किती उंच आणि बस किती लांब थांबते याचा. माझ्या मार्गावरचे अकरा स्टॉप मोजून झालेत, तीन राहिलेत. कॅलिपर परवा मिळतोय, मग तेही मोजतो.