'शेजाऱ्यांना कळू देणार नाही' म्हणणारे सफाईवाले

आमचे काका साखर पेठेत राहतात. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं. काकू दारात सूप घेऊन विड्या वळायची. ती गेल्यावर काकांनी घरातलं काही टाकणंच सोडलं. आधी पेपर, मग दुधाच्या पिशव्या, मग कारखान्यांच्या दारातून उचलून आणलेली चिंध्यांची पोती. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे पिंपं भरून ठेवणं घरोघरी आहे. काकांकडे मात्र सत्तावीस कॅन निघाले, निम्म्यांत डासांच्या अळ्या. मधल्या खोलीत पाऊल टाकलं की उंदरांच्या मुताचा वास डोळ्यांत चढायचा.

काकांना आम्ही जुळे सोलापूरला आमच्याकडे आणलं आणि मोबाईलवर सफाईवाले शोधू लागलो. एकाने व्हिडिओ कॉलवर घर बघून २२,००० सांगितले. वर म्हणाला, "साहेब, रात्रीच गाडी लावू. शेजाऱ्यांना कळू देणार नाही." खरं सांगतो, दर मी नीट ऐकलाच नाही. मी त्या वाक्यावर पैसे दिले. घराण्याची लाज झाकणारा कुणीतरी भेटला, यातच आम्ही गार! बारा हजार ॲडव्हान्स, तोही कुठल्याशा बाईच्या नावावर यूपीआयने. पावती मागितली तर "काम झाल्यावर पक्कं बिल देतो."

गाडी आली रात्री साडेदहाला. चार पोरं, पायात स्लीपर, तोंडाला काही नाही, हातात खराटे. आल्या आल्या त्यांनी उंदरांच्या लेंड्या कोरड्याच झाडायला घेतल्या. घरभर धुरळा. एकाच्या टाचेला भेग पडून रक्त आलेलं, आणि तो त्याच पायाने त्या ओल्या घाणीत उभा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जंतू अशाच जखमेतून अंगात शिरतात, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो. याची बोच पैशांपेक्षा जास्त आहे.

मोरीत त्यांनी ॲसिड ओतलं आणि त्यावरच ब्लीचिंगचं पाणी. दोन मिनिटांत सगळे खोकत बाहेर. यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत माणसाचा जीव जाऊ शकतो. मुकादम मात्र शांत: "वास आला म्हणजे जंतू मेले."

दुसऱ्या रात्री हिशेब बदलला. म्हणे हा साधा कचरा नाही, 'बायोहॅझर्ड' आहे, किलोला ३५ रुपये. वजन? अंदाजे सहाशे किलो. काटा नव्हताच. म्हणजे आणखी २१,०००. यात निम्मी तर रद्दी होती, जिचे रद्दीवाला उलट आपल्याला पैसे देतो! भांडायचं तर आवाज चढणार, गल्ली जागी होणार. दिले. एकूण ४३,००० गेले. बदल्यात लॅमिनेट केलेला कागद मिळाला, 'घर ९९.९ टक्के जंतुमुक्त'. कुणी काय तपासलं, कशाने मोजलं, देव जाणे. तांब्याचा बंब आणि दोन पितळी घागरी कुठे गेल्या, तेही त्यालाच ठाऊक.

पैसे गेले ते गेले, पण पुढची गोष्ट जिवावरची होती. जाताना मुकादम म्हणाला, "उंदरांचं औषध ठेवलंय. दारं-खिडक्या बंद ठेवा, काका उद्या झोपायला आले तरी चालतील." सकाळी मेहुणा सोबत आला होता. तो मार्केट यार्डात धान्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. दार उघडताच त्याने मला मागे ओढलं. लसूण आणि सडलेली मासळी एकत्र केल्यासारखा वास. ॲल्युमिनियम फॉस्फाइड, धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. या विषावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या ठेवायच्याच नसतात. त्या वापरायचा अधिकार परवानाधारक आणि प्रशिक्षित माणसांनाच. काका त्या रात्री तिथे झोपले असते तर मी आज वेगळंच काही लिहीत असतो.

कीटकनाशक फवारणाऱ्याकडे १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना लागतो. तो आधी बघायला मागा. नुसतं मागितलं तरी अर्धे लोक फोन ठेवतात, हे आता मला कळलंय.

आठवड्याने अक्कलकोट रोडकडचा एक प्लॉटवाला काकांच्या दारात उभा. त्याच्या मोकळ्या जागेत आमचा सगळा कचरा, आणि त्यात काकांच्या नावाची लाईट बिलं! भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर त्याने आमचा उद्धार केला. स्वतःच्या पैशाने ट्रॅक्टर लावून ते उचलावं लागलं. उचलताना काकूचा पत्र्याचा डबा सापडला. आत तिचं विडी कामगारांचं कार्ड, फंडाचे कागद, सगळं भिजून लगदा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथेही जाणार. पण हातात आहे काय? एका बाईच्या नावावरचे दोन यूपीआय आणि तो लॅमिनेट कागद. बिल नाही, गाडीचा नंबर नाही, रात्रीचा साक्षीदार नाही. लपवायचं आम्हालाच होतं ना.

मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. हा नुसता घाणेरडेपणा नाही, साठवण्याचा आजार आहे. २०१३ पासून डॉक्टर मंडळी तो स्वतंत्र आजार म्हणून धरतात. माणसाला न विचारता घर रिकामं केलं तर तो जास्त घाबरतो आणि घर पुन्हा भरतं, असं त्या म्हणाल्या. ते तर आम्ही पाहतच होतो. काका परत गेले त्याच आठवड्यात पाच पोती आली होती. उंदीरही आले, कारण बिळं कुणी बुजवलीच नव्हती.

आता आम्हीच करतोय, दिवसा, दारं उघडी टाकून. आधी अर्धा तास खोलीत वारा खेळू द्यायचा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गमबूट. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, रोज ताजं. लेंड्यांवर शिंपडून दहा मिनिटं थांबायचं, मग कागदाने टिपून घ्यायचं, खराटा लावायचा नाही. पहिल्याच दिवशी समोरच्या मावशी कमरेला पदर खोचून आल्या. मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो तर म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत नव्हतं व्हय रे? दोन वर्षं वास घेतोय की."

काका दारात खुर्ची टाकून बसतात. प्रत्येक पोतं आधी त्यांच्यासमोर उघडायचं. काल तीन दिली, एक परत घेतलं.