शाळेच्या मैदानाचं काम: ठेकेदाराचा अनुभव, आलेला खर्च आणि गावातला वाद

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे, पट ८६. मी गावातच शिवणकाम करते. धाकटी तिसरीत आहे, म्हणून पालक या नात्यानं शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. गेल्या उन्हाळ्यात शाळेचं मैदान नव्यानं करून घेतलं. बार्शीच्या ज्या ठेकेदारानं ते केलं, त्याच्या कामाबद्दल लिहिते आहे. नाव देत नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती आम्ही मागवलेल्या तिन्ही कोटेशनांना लागू होते.

तक्रार अशी. त्याच्या पहिल्या कोटेशनवर एकच ओळ होती: ‘मैदान विकास, लमसम, ३ लाख १० हजार’. हा कागद ग्रामसभेत वाचला आणि गावाचे तीन तट पडले. एक म्हणे, मातीच्या मैदानाला तीन लाख कसले? दुसरे म्हणे, एवढे घालायचेच तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाका, लग्नाचा मांडवही टाकता येईल. तरुण पोरांना टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, हवं होतं. त्या एका ओळीत किती मुरूम, किती खोदाई, काहीच नव्हतं, त्यामुळे जो तो मनातल्या मैदानाची किंमत करत होता. दोन ग्रामसभा यात गेल्या. समितीतल्या दोघी जणी तेव्हापासून एकमेकींशी बोलत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पैशाची बाजू सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यात लाइट बिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळं आलं. क्रीडा साहित्याचे ५ हजार वेगळे. यातून मैदान होत नाही. म्हणजे उरली ग्रामपंचायत आणि लोकवर्गणी. वर्गणी देणारा विचारणारच.

सगळीकडे पेव्हर टाकायला मी उभी राहून विरोध केला. मैदान १०० बाय ८० फूट, ८ हजार स्क्वेअर फूट. स्क्वेअर फुटाला ७५ रुपयांनी नुसते ब्लॉकच ६ लाखांचे. आणि आमच्या मुली खो-खो खेळतात. दर खोला उठायचं, वळायचं, सूर मारायचा. ब्लॉकवर गुडघे आणि कोपरं सोलून निघतील. टर्फचं म्हणाल, तर मे महिन्यात दुपारी मी बार्शीतल्या एका टर्फवर तळहात टेकवून पाहिला होता, टेकवून ठेवता येईना. उन्हात ते प्लास्टिक मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पण पेव्हर मागणाऱ्यांपैकी एका बापाचं म्हणणं मला पटलं. त्याची मुलगी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा पट्टा, लावून चालते, पावसात चिखलातून वर्गापर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून फाटकापासून रॅम्पपर्यंत ६ फूट रुंद, ९० फूट लांब पेव्हरची वाट करायची ठरली. सभेत कुणीतरी म्हणालं, हे ठरवणारी समिती कोण? तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षण हक्क कायदा काढून दाखवला. २००९ च्या त्या कायद्यात शाळा विकास आराखडा करण्याचं काम व्यवस्थापन समितीलाच दिलेलं आहे, समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. मैदान आणि अडथळ्याविना वर्गापर्यंत जाता येणं, दोन्ही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत.

मग ठेकेदाराला बोलावून म्हटलं, बाबा, प्रत्येक कामाच्या वेगळ्या ओळी फोडून द्या. त्यानं कुरकुर न करता दोन दिवसांत दिल्या, हे त्याच्या बाजूनं नोंदवते. जेसीबी १६ तास, १९,२००. मुरूम ५० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ५५ हजार. रोलर दोन दिवस, १२ हजार. कडेची गटार ३५ हजार. पेव्हरची वाट ४०,५००. घसरगुंडी, झोके, सी-सॉ ४८ हजार. लांब उडीचा वाळूचा खड्डा ६ हजार. एकूण २ लाख १५ हजार ७००. काळी माती वाहून नेण्याचा खर्च यात नाही, कारण ती शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं रानात नेली. हा कागद फळ्यावर लिहिला त्या संध्याकाळी वाद मिटला. ग्रामपंचायतीनं १ लाख दिले, बाकीची वर्गणी २३ दिवसांत जमली.

आता काम. जमिनीखालचं काम त्यानं मन लावून केलं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसता वर मुरूम पसरला तर एका पावसाळ्यात चिखलात बुडतो. त्यानं अर्धा फूट माती काढली, मुरूम दोन थरांत टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला. भिंतीच्या कडेला रोलर पोचत नाही तिथे माती ठोकायचे धुम्मस घेऊन माणसं लावली. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून ८० फुटांत १० इंच उतार गटारीकडे दिला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन बघायला गेले होते. पाऊस थांबल्यावर तासाभरात मैदानावर चालता येत होतं. पूर्वी चार दिवस मुलं वर्गात कोंडून असायची.

मुरमाच्या मापात मात्र घोळ झाला. ५० ट्रॉल्या म्हणजे ५० ब्रास असा त्याचा हिशोब. मी माझा शिवणाचा टेप घेऊन ट्रॉली मोजली: १० बाय ६ बाय दीड. ९० घनफूट झाले, ब्रास १०० चा. म्हणजे ५ ब्रास कमी. त्यानं तिथेच मान्य केलं आणि आणखी ६ ट्रॉल्या टाकल्या. तुमच्याकडे काम निघालं तर पहिल्याच ट्रॉलीला टेप लावा, रोलर फिरल्यावर काही कळत नाही.

खेळणी बसवण्यात तो कमी पडला. घसरगुंडी पत्र्याची आणि तिचं तोंड पश्चिमेला. दुपारच्या सुट्टीनंतर तिच्यावर बसवत नाही. उत्तरेला तोंड कर म्हणून आम्ही आधी सांगायला हवं होतं हे खरं, पण शाळांची कामं करणाऱ्याला ते माहीत असायला हवं. झोक्याचे बोल्ट बाहेर आलेले होते, एका मुलीचा फ्रॉक फाटला. हात फाटला असता. फोन करून करून तीन आठवड्यांनी माणूस आला आणि टोप्या बसवून गेला. ते तीन आठवडे आम्ही झोके दोरीनं बांधून ठेवले होते. नळाच्या कोपऱ्यात अजून थोडं पाणी साचतं. दिवाळीच्या सुट्टीत उरलेला मुरूम टाकून देतो म्हणाला आहे.

जमिनीच्या कामाला माझे पाचपैकी पाच, खेळण्यांना दोन. पुढच्या वर्षी तारेचं कुंपण करायचं आहे, त्यालाच बोलावू. खांब किती, तार किती किलो, सिमेंटच्या गोण्या किती, हे लिहिलेला कागद आला की तो आधी शाळेच्या दारावर लावू, ग्रामसभा त्यानंतर.